अर्धवट उघड्या झडपेवरचा बर्फ

लग्नाच्या मांडवामागे, जिथे मोठा स्वयंपाक चालतो, तिथे कधी डोकावला असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. मे महिना, आचारी घामाघूम, भट्टीवर भाताचं पातेलं चढलेलं, आणि भट्टीला जोडलेल्या गॅस सिलिंडरच्या खालच्या अंगाला पांढरा बर्फाचा थर. ज्योत मंदावली की कुणीतरी पोऱ्या येतो आणि सिलिंडरवर गरम पाण्याचा तांब्या ओततो. लहानपणी मला वाटायचं, सिलिंडरमध्ये बर्फच भरून येतो आणि तो वितळला की गॅस होतो.

खरी गोष्ट अशी की आतल्या द्रवाची भराभर वाफ होत असते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो द्रव स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो. पत्रा गार पडला की बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि गोठतं. उन्हाळा कितीही असो.

छोट्या विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या पिस्टन इंजिनांत हाच प्रकार पेट्रोलच्या बाबतीत घडतो. फरक एवढाच की सिलिंडरवरचा बर्फ बाहेरून दिसतो, आणि हा इंजिनाच्या घशात साचतो. तांब्या घेऊन धावणारं तिथे कुणी नसतं. शिवाय ज्या इंजिनाकडून त्याच्या कुवतीपेक्षा मुद्दाम कमी काम घेतलं जातं, ज्याला या धंद्यात ‘डीरेट’ केलेलं इंजिन म्हणतात, त्याला हा त्रास जास्त होतो. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. कमी ताणावर चालणारं इंजिन अधिक भरवशाचं असायला हवं ना? तसं ते असतंही, पण बर्फाचा हिशेब निराळा आहे.

आधी कार्ब्युरेटर. जुन्या बजाज चेतकवर किंवा यामाहावर हात काळे केलेल्यांना तो नव्यानं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: इंजिन हवा ओढतं. ती एका नळीतून जाते, नळी मध्येच चिंचोळी होते. चिंचोळ्या जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप खेचलं जाऊन हवेत फवारलं जातं. त्याच्या पुढे एक गोल चकती असते, मधोमध आसावर फिरणारी. हीच थ्रॉटलची झडप. ती हवेच्या दिशेला समांतर झाली की रस्ता मोकळा आणि इंजिन पूर्ण जोरात. आडवी झाली की रस्ता जवळपास बंद. मधल्या स्थितीत चकतीच्या दोन कडांना चंद्रकोरीसारख्या दोन फटी उरतात आणि सगळी हवा त्या फटींतून जाते. या फटी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरणार आहे.

गारवा किती येतो? पाठकोऱ्या कागदावर करता येईल असा हिशेब आहे. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल उष्णता लागते. इंजिनात एक किलो पेट्रोलमागे सुमारे बारा किलो हवा जाते. एक किलो हवा एका अंशानं गार करायची तर तिच्यातून साधारण एक किलोज्यूल काढावा लागतो. म्हणजे ३५० भागिले १२, जवळपास २९ अंश. प्रत्यक्षात सगळं पेट्रोल तिथेच वाफ होत नाही, त्यामुळे रोजच्या व्यवहारात वीस ते तीस अंशांची घसरण धरतात. बाहेर २० अंश असेल, आपण स्वेटरसुद्धा घालणार नाही असा दिवस, तरी कार्ब्युरेटरच्या घशात शून्य किंवा त्याखाली.

आता पाणी. २० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण १४ ग्रॅम बाष्प असतं. शून्य अंशाला त्याच हवेला पाचेक ग्रॅमच सांभाळता येतं, उरलेलं नऊ ग्रॅम बाहेर पडतं. छोट्या हेलिकॉप्टरचं इंजिन मिनिटाला चारेक घनमीटर हवा ओढतं. म्हणजे दर मिनिटाला पस्तीसेक ग्रॅम, दोन-अडीच मोठे चमचे पाणी त्या नळीत मोकळं होतं. त्यातलं बहुतेक हवेबरोबर पुढे इंजिनात जाऊन वाफ होऊन उडतं, त्याचं काही वाटत नाही. पण दहा मिनिटांत पाव लिटरहून जास्त पाणी एका थंडगार, इंच-दोन इंचाच्या भोकातून जात असेल आणि त्यातला थोडासा भाग जरी कडेला चिकटला, तरी भोक लहान व्हायला वेळ लागत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेचं वैमानिकांसाठीचं हँडबुक सांगतं की सर्वांत जास्त धोका तापमान २१ अंशांखाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना. कडाक्याची थंडी त्या मानानं बरी. उणे वीसमध्ये हवेत बाष्पच जेमतेम असतं आणि जे असतं ते कोरड्या कणांसारखं उडून जातं, चिकटत नाही. प्रसन्न, ढगाळ, किंचित गार अशी हवा, ज्या दिवशी उडायला जावंसं वाटतं, तीच घातक.

पेट्रोलच्या वाफेनं येणारा गारवा हा एक भाग झाला. दुसरा भाग झडपेचा. अर्धवट मिटलेल्या चकतीच्या फटीतून हवा घुसते तेव्हा तिचा वेग एकदम वाढतो आणि वेग वाढताना ती तिथल्या तिथे आणखी काही अंश गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरलं तर जो गारवा लागतो त्याचाच हा नातेवाईक. फट जितकी अरुंद, दाबाची घसरण जितकी मोठी, तितका गारवा जास्त. आणि बर्फ धरतो तोही नेमका त्याच फटीच्या कडांवर. मोकळ्या नळीच्या भिंतीवर दोन मिलिमीटर बर्फ आला तर इंजिनाला जाणवणारही नाही. चार मिलिमीटरच्या फटीवर तोच दोन मिलिमीटर बर्फ म्हणजे अर्धा श्वास बंद.

सेस्ना १५२ सारख्या शिकाऊ विमानात हे समजायला सोपं असतं. उड्डाण करताना थ्रॉटल पूर्ण उघडी, चकती हवेला समांतर, फट हा प्रकारच नाही. धोका येतो उतरताना. वैमानिक थ्रॉटल मागे घेतो, चकती मिटते, इंजिनही गार पडत जातं. म्हणून उतरायच्या आधी, थ्रॉटल बंद करण्यापूर्वी, ‘कार्ब हीट’ची दांडी ओढायची अशी शिस्त पहिल्या आठवड्यापासून लावली जाते. ही कार्ब हीट म्हणजे आपल्या पोऱ्याचा तांब्या. तिच्याकडे परत येऊ.

आता डीरेट. हा शब्दच थोडा फसवा आहे. ऐकून वाटतं की इंजिनात काहीतरी बदल करून त्याचा दम काढून घेतला असेल. तसं काही नसतं. इंजिन तेच असतं. फक्त उत्पादक सांगतो: याची मूळ कुवत इतकी असली, तरी या विमानात त्यातली इतकीच वापरायची. मर्यादा पाळायची वैमानिकानं, समोरच्या दाबमापकाकडे बघून. कॉकपिटमध्ये एक तक्ता चिकटवलेला असतो: बाहेरचं तापमान इतकं, उंची इतकी, तर इंजिनाच्या आत जाणाऱ्या हवेचा दाब, म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशर, पाऱ्याच्या अमुक इंचांपुढे न्यायचा नाही. इंजिन त्याच्यापुढे जायला तयार असतं. जायचं नाही, एवढंच.

याचं सर्वांत माहितीचं उदाहरण म्हणजे रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर. फ्रँक रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये ते घडवलं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं, १९७९ मध्ये त्याला अमेरिकी मान्यता मिळाली, आणि पुढे जगभर हेलिकॉप्टर शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर घडल्या. पूर्ण भरल्यावर वजन ६२२ किलो, म्हणजे एखाद्या मारुती आठशेच्या आसपास. सुरुवातीला त्यात लायकमिंग कंपनीचं १५० अश्वशक्तीचं ओ-३२० इंजिन होतं, मग त्याचाच १६० चा प्रकार, आणि बीटा-टू या आवृत्तीत मूळ १८० अश्वशक्तीच्या जातीचं ओ-३६०. त्या १८० पैकी वापरायला परवानगी किती? उड्डाणाच्या वेळी पाच मिनिटांपुरती १३१, आणि सतत १२४. म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आसपास.

उरलेले तीस टक्के वाया का घालवायचे? वाया जात नाहीत. एक तर इंजिन कमी ताणावर चालतं, म्हणून टिकतं. दुसरं, इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत पोचवणारे पट्टे आणि गिअरबॉक्स यांच्या सोसण्याला मर्यादा असते. आणि तिसरं, माझ्या मते सर्वांत चतुर कारण: उंची. जसं वर जाल तशी हवा विरळ होते, दर हजार फुटांना साधारण एक इंच पारा दाब उतरतो. १३० अश्वशक्तीचं इंजिन जमिनीवर १३० देईल, पण डोंगराळ भागात किंवा उन्हाच्या तडाख्यात धापा टाकेल. १८० च्या इंजिनाकडून १३१ च घ्यायचे असतील तर वर गेल्यावर झडप आणखी उघडायची आणि तेवढेच १३१ मिळवत राहायचं. हा राखीव साठा बऱ्याच उंचीपर्यंत पुरतो. घरात दोन हजार लिटरची टाकी बसवून रोज हजारच वापरण्यासारखं.

पण टाकीच्या त्या उदाहरणातच गोम आहे. टाकी मोठी, दाब जास्त, आणि पाणी मात्र ठरावीकच हवं, तर तुम्ही काय करता? कॉक अर्धवट बंद ठेवता. आणि पाइपात जर कुठे गाळ, क्षार धरणार असेल तर तो कुठे धरतो? कॉकपाशी.

दोन इंजिनं शेजारी ठेवून बघा. एक १३० अश्वशक्तीचं, जोर लावून पूर्ण १३० देणारं. दुसरं १८० चं, आरामात १३० देणारं. दोघं जवळपास सारखीच हवा ओढतात, सारखंच पेट्रोल पितात, पेट्रोलच्या वाफेनं येणारा गारवाही सारखाच. पण पहिल्याची झडप सताड उघडी आहे आणि दुसऱ्याची अर्धवट मिटलेली. समुद्रसपाटीला बाहेर हवेचा दाब सुमारे ३० इंच असताना आर-२२ चा मॅनिफोल्ड प्रेशर चालत्या उड्डाणात २१-२२ इंच असतो. मधले आठ-नऊ इंच कुठे जातात? त्या चंद्रकोरी फटींमध्ये. हवेला तिथे आवळलं म्हणूनच दाब उतरला. म्हणजे डीरेट केलेलं इंजिन सेस्नाच्या ‘उतरताना’च्या अवस्थेच्या बरंच जवळ, अख्खं उड्डाणभर राहतं. उड्डाणाच्या क्षणीसुद्धा. विमान धावपट्टीवर सगळी ताकद लावून निघतं, हेलिकॉप्टर मात्र लागेल तेवढीच ताकद घेऊन अलगद उचललं जातं, आणि तेही बरेचदा इंजिन पुरतं तापलेलं नसताना.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणानं पिस्टन इंजिनातल्या बर्फावर वैमानिकांसाठी एक पत्रक काढलेलं आहे. त्यात डीरेट केलेल्या इंजिनांचा मुद्दाम वेगळा उल्लेख येतो. खुद्द रॉबिन्सन कंपनीनं १९८६ साली याच विषयावर एक सुरक्षा सूचना काढली, क्रमांक २५, आणि नंतर ती सुधारत नेली. बाहेरचं तापमान ३० अंश सेल्सिअस असलं तरी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी सांभाळून घेता आलं असतं. बर्फ साचला तर इंजिनाचा जोर कमी होईल, वैमानिकाच्या लक्षात येईल, तो उपाय करेल. साध्या विमानात असंच होतं: स्थिर पात्यांच्या पंख्याचे फेरे कमी होऊ लागतात, काटा खाली येतो, कानालाही कळतं. पण आर-२२ सारख्या हेलिकॉप्टरात एक गव्हर्नर असतो. पंख्याचे फेरे ठरावीक राहावेत म्हणून इंजिनाचा वेग राखणं हे त्याचं काम. वेग तसूभर कमी झाला की तो थ्रॉटल थोडी उघडतो, जास्त झाला की थोडी मिटतो. वैमानिकाच्या मुठीतली थ्रॉटल आपोआप किंचित फिरत राहते. फार उपयोगी वस्तू आहे ती. वैमानिकाच्या डोक्यावरचा मोठा भार तिनं उतरवला.

आता बर्फाच्या बाजूनं बघा. फटीच्या कडेवर पातळ थर धरला. हवा कमी पडली, इंजिनाचा वेग किंचित उतरला. गव्हर्नरनं लगेच झडप थोडी उघडली. वेग पूर्ववत, मॅनिफोल्ड प्रेशरही पूर्ववत, कारण तेवढीच हवा पुन्हा आत जाऊ लागली. थर जाड झाला, झडप आणखी उघडली. समोरचे दोन्ही काटे जिथल्या तिथे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ही मूठ खरोखरच थ्रॉटलवर मिटलेली असते आणि आत काय चाललंय ते काट्यांवरून कळत नाही. कळलंच तर हातालाच कळेल, की थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त फिरलेली आहे. पण ते बारकाईनं लक्ष देणाऱ्याला.

इथे तो राखीव तीस टक्क्यांचा साठा उलटा पडतो. १३० चं इंजिन असतं, झडप आधीच सताड असती, तर गव्हर्नरकडे उघडायला काही उरलं नसतं. बर्फाची पहिली चाहूल लागताच वेग पडला असता आणि बातमी फुटली असती. मोठ्या इंजिनाकडे मात्र झडप उघडत नेण्याची भरपूर जागा आहे, म्हणून भरपूर बर्फ लपतो. जी फट बर्फ तयार करते, तिच्यामागची राखीव ताकदच तो बर्फ झाकून ठेवते. या विषयात मला सर्वांत गुंतागुंतीची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच वाटते.

मग भांडं फुटतं कधी? उतरायची वेळ येते तेव्हा. वैमानिक डाव्या हातातली दांडी, कलेक्टिव्ह, खाली करतो. पात्यांचा कोन कमी होतो, त्यांना ताकद कमी लागते. कलेक्टिव्हला थ्रॉटल यांत्रिक जोडणीनं बांधलेली असते, त्यामुळे दांडी खाली गेली की झडपही मिटते. बर्फाच्या बुजलेल्या घशात आतापर्यंत झडप उघडी होती म्हणून श्वास चालला होता. ती मिटली की उरलेली फटही गेली. इंजिन बंद.

आर-२२ ची पाती हलकी आहेत, म्हणून साठवलेली गती थोडी. इंजिन गेल्यावर सेकंद-दीड सेकंदात कलेक्टिव्ह पूर्ण खाली करून, खाली येताना पात्यांतून खालून वर येणाऱ्या वाऱ्यावरच ती फिरती ठेवावी लागतात. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि नीट केलं तर हेलिकॉप्टर इंजिनाशिवाय सुखरूप उतरतं. उशीर झाला, पात्यांचे फेरे एका हद्दीखाली गेले, तर ते परत आणता येत नाहीत.

आता तो तांब्या. कार्ब हीट म्हणजे एग्झॉस्टच्या गरम नळीभोवती पत्र्याचं एक वेष्टण असतं. त्यातून खेळून तापलेली हवा, बाहेरच्या थंड हवेऐवजी, कार्ब्युरेटरकडे वळवायची. दांडी ओढली की एक झापड फिरते, इतकंच. वीज नाही, पंप नाही. गरम हवा विरळ असते, त्यामुळे जोर थोडा कमी होतो आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. म्हणून ती कायम चालू ठेवत नाहीत.

इथे नवख्याची हमखास चूक होते. विमानात बर्फ धरलेला असताना कार्ब हीट ओढली की आधी परिस्थिती आणखी बिघडल्यासारखी वाटते. फेरे कमी होतात, बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनात जातं, इंजिन खोकायला लागतं, धडधडतं. नवखा घाबरतो: हे मी काय केलं! आणि दांडी परत ढकलतो. अर्धवट वितळलेला बर्फ तिथेच पुन्हा गोठतो. खरं तर ते खोकणं हीच औषध लागू पडल्याची खूण असते. दात-ओठ खाऊन थांबलं तर काही वेळात इंजिन गुळगुळीत होतं आणि फेरे आधीपेक्षा वर चढतात. तिथे कळतं की आधी किती बर्फ होता.

दुसरी चूक कंजुषीची. थोडीशीच दांडी ओढायची. हवा फार थंड आणि कोरडी असेल तर तिच्यातले बर्फाचे कण एरवी न चिकटता निघून जातात. त्यांना थोडंसंच ऊबवलं तर ते ओलसर होऊन चिकटायला तयार होतात. म्हणून कार्ब्युरेटरमधलं तापमान दाखवणारं मापक नसेल तर एकच नियम: ओढायची तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

आर-२२ मध्ये ते मापक असतं. त्यावर उणे १५ ते अधिक ५ अंशांचा पट्टा पिवळा रंगवलेला. काटा पिवळ्यात जाऊ द्यायचा नाही, लागेल तेवढी कार्ब हीट देऊन वर ठेवायचा. हे सोपं वाटतं, पण त्यालाही एक अपवाद आहे आणि तो पाठ असावा लागतो: मॅनिफोल्ड प्रेशर १८ इंचांखाली गेला तर मापकाकडे बघायचंच नाही, सरळ पूर्ण कार्ब हीट द्यायची. झडप इतकी मिटलेली असताना मापकाचा काटा फटीतल्या गारव्याबद्दल खरं सांगत नाही. म्हणजे नेमकी उतरतानाची वेळ. बीटा-टू मध्ये त्यासाठी एक यांत्रिक मदतनीसही दिलेला आहे. कलेक्टिव्ह खाली केली की तो कार्ब हीटची दांडी आपोआप ओढतो, वर केली की परत कमी करतो. वैमानिकाला वाटलं तर तो हातानं बदलू शकतो, पण विसरला तर मदतनीस विसरत नाही.

या उपायात एक क्रूर बारकावा आहे. हवा तापते एग्झॉस्टच्या नळीवर, आणि एग्झॉस्ट गरम असतो इंजिन चालू आहे तोवर. इंजिन बर्फानं बंद पडलं की उष्णतेचा झराही आटायला लागतो. सिलिंडरवर ओतायचं गरम पाणी त्याच सिलिंडरच्या भट्टीवर तापवल्यासारखं. म्हणून हा उपाय आगाऊ करायचा असतो, मागाहून नाही.

सगळी इंजिनं याबाबतीत सारखी नसतात. लायकमिंगमध्ये कार्ब्युरेटर तेलाच्या टाकीला खालून बसवलेला असतो आणि पुढच्या नळ्या गरम तेलातून जातात, त्यामुळे थोडी ऊब आयती मिळते. जुन्या सेस्ना १५० मधलं काँटिनेंटलचं ओ-२०० बर्फासाठी जास्त बदनाम. मोटारीचं पेट्रोल वापरायची परवानगी असलेल्या विमानांत धोका आणखी वाढतो, कारण ते विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर उडतं आणि त्यात पाणीही जास्त असू शकतं.

आपल्याकडे थंडी कुठली, असं कुणी म्हणेल. जुलैतल्या मुंबईचा हिशेब करून बघू. तापमान २८ अंश, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प जमायला लागतं तो) २५, दर घनमीटर हवेत तब्बल २३ ग्रॅम पाणी. कार्ब्युरेटरमध्ये पंचवीस अंशांची घसरण धरली तर ३ अंश. म्हणजे पाण्याचा नुसता पूर, पण गोठायला जरा कमी. आता उतरताना झडप मिटवा, फटीतला गारवा आणखी चार-पाच अंश खाली न्या, आणि शून्याचा उंबरठा ओलांडलात. घाटावर आणि खानदेशात पावसाळ्यानंतरच्या, डिसेंबरातल्या धुकट सकाळी, पंधरा-सोळा अंशांना, हिशेब करायचीही गरज नाही. धुळे, बारामती, गोंदियाला विमान शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला कार्ब्युरेटरचं इंजिन आलं, तर तापमानापेक्षा तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक आधी बघायची सवय लावून घ्यावी. फरक जितका कमी, हवा तितकी संपृक्ततेच्या जवळ.

यावर सरळ उपाय म्हणजे कार्ब्युरेटरच काढून टाकणं. आपल्या दुचाक्यांतून तो २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर जवळपास गेलाच. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल घशात न फवारता थेट इंजिनाच्या सिलिंडरच्या तोंडाशी, गरम जागी, सोडतात. वाफेचा गारवा झडपेपासून लांब जातो. रॉबिन्सनच्याच चार आसनी आर-४४ चा रेवन-वन प्रकार कार्ब्युरेटरचा आहे: मूळ २६० अश्वशक्तीचं इंजिन, उड्डाणाला २२५, सतत २०५. रेवन-टू मध्ये इंजेक्शनचं ३०० चं इंजिन, उड्डाणाला २४५, आणि सतत तेच २०५. डीरेट त्यात जास्तच आहे, पण कार्ब्युरेटरचा बर्फ हा विषय नाही. मग जुनी यंत्रं बदलत का नाहीत? विमानातला प्रत्येक बदल पुन्हा प्रमाणित करून घ्यावा लागतो, आणि कार्ब्युरेटर साधा, स्वस्त, दुरुस्तीला सोपा, गुरुत्वाकर्षणानं येणाऱ्या पेट्रोलवरही चालणारा. पन्नास वर्षं चालत आलेली वस्तू काढायला कुणाचा हात लवकर धजत नाही.

अपघात झाल्यावर तपास करणाऱ्यांची पंचाईत वेगळीच. इंजिन उघडलं तर सगळे भाग जागेवर, टाकीत पेट्रोल, प्लग ठीक, कार्ब्युरेटर स्वच्छ. कधी कधी तेच इंजिन पुन्हा चालू करून बघतात आणि ते पहिल्या झटक्यात सुरू होतं. बंद पडल्यावर गरम इंजिनाची ऊब हळूहळू कार्ब्युरेटरपर्यंत येते, आणि कुणी तिथे पोचेपर्यंत त्यातला बर्फ पाणी होऊन गळून गेलेला असतो. मग तपासनीस जवळच्या हवामान केंद्रातून त्या वेळचं तापमान आणि दवबिंदू मागवतात, कुठल्या तापमान-दवबिंदूला बर्फाचा धोका किती ते दाखवणाऱ्या तक्त्यावर ठिपका मांडतात, आणि अहवालात लिहितात की त्या वेळी हवा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्यास अनुकूल होती.